नांगराला चाक जागेवर फिरतंय? आधी हवा बघा, मग पाणी, मग लोखंड

नवीन ट्रॅक्टर घेतला की पहिल्याच उन्हाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते, गाडीला दमच नाही. पलटी नांगर घातला, जरा खोल गेला की मागचं चाक जागेवर फिरायला लागतं, माती मागं फेकतं, खड्डा करतं, मग नांगर उचला, पुढं घ्या, परत टाका, आणि दिवसाअखेर डिझेल संपलेलं पण रान अर्धंच झालेलं. माझंही पहिली दोन वर्षं हेच चाललं होतं. आमचं रान काळं, भीमेच्या पट्ट्यातलं, ट्रॅक्टर ४७ एचपीचा, टू-व्हील, म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारा. मी क्लच बघून घेतला, डिझेल फिल्टर बदलले, पंप दाखवला, सगळं नीट होतं. शेवटी एक जुने ड्रायव्हरकाका आले, त्यांनी बॉनेट उघडलंच नाही, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, हवा किती आहे? मला सांगता आलं नाही. गेज लावला तर एका चाकात २८ पौंड आणि दुसऱ्यात २२. उसाच्या ट्रॉलीला भरलेली हवा तशीच राहिली होती. दोन्ही चाकं १३ वर आणली आणि त्याच रानात, त्याच गिअरमध्ये, नांगराचा तास या बांधापासून त्या बांधापर्यंत न थांबता निघाला.

म्हणून नव्याने ट्रॅक्टर घेतलेल्या मित्रांसाठी हे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण हवा कमी-जास्त करायला पैसे लागत नाहीत, वजनासाठी चाकात पाणी भरायला जवळपास लागत नाहीत आणि लोखंडी वजनांना लागतात. बरेच जण उलट्या बाजूने सुरू करतात.

सगळ्यात आधी टायर वाचा

टायरच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं. १३.६-२८ म्हणजे टायरची रुंदी १३.६ इंच आणि रिम २८ इंची. ४५ ते ५० एचपीच्या टू-व्हील गाडीला मागं बहुतेक १३.६-२८ नाहीतर १४.९-२८ असतो आणि पुढं ६.००-१६. शेजारी पीआर लिहिलेलं असतं, ८ पीआर, १२ पीआर, ती टायरची ताकद, म्हणजे किती ओझं किती हवेवर तो पेलतो याचा अंदाज. आणि एक बाण असतो. तो बाण गाडी पुढं जाताना चाक ज्या दिशेने फिरतं तिकडेच पाहिजे. बाण पुसला असेल तर गाडीच्या मागं उभं राहून बघा, टायरवरच्या त्या जाड तिरक्या पट्ट्यांचं, म्हणजे लगचं टोक वर आभाळाकडे दिसलं पाहिजे. पंक्चर काढताना किंवा चाकांतलं अंतर बदलताना डावं-उजवं उलटं बसलं तर लगमधली माती बाहेर पडत नाही, ओल्या रानात टायर गुळगुळीत रुळासारखा होतो, आणि माणूस परत इंजिनला दोष देत बसतो.

लग किती उरलेत तेही बघून घ्या. निम्म्याच्या खाली झिजले असतील तर हवा-वजनाने फरक पडेल पण नव्यासारखी पकड मिळणार नाही, हे आधीच मान्य करा.

हवा

गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं त्यात शेतातली हवा आणि रस्त्यावरची हवा वेगवेगळी दिलेली असते, ते पान एकदा शोधा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. माझ्या गाडीचं सांगायचं तर मागच्या चाकात शेतकामाला १२ ते १४ पौंड (पीएसआय म्हणा हवं तर), ट्रॉलीला १८ ते २०, आणि पुढच्या चाकात २६-२८ च्या आसपास. तुमचा टायर, तुमचं ओझं वेगळं असेल, आकडा पुस्तकातलाच घ्या.

कमी हवेने पकड का वाढते, तर टायर जमिनीवर पसरतो, जास्त लग मातीत रुततात. २८ पौंडाला टायर फुगून मधल्या भागावरच उभा राहतो आणि कडेचे लग नुसते हवेत. आणि अजून एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. टायर वरच्या मातीला जेवढा दाबतो तो दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाच्या आसपासच असतो, टायर कडक म्हणून थोडा जास्त. म्हणजे ३० च्या हवेने पेरणीच्या रानात गेलात तर चाकाच्या पट्ट्यात माती दुप्पट दाबली जाते, आणि महिन्याभराने त्या पट्ट्यातलं सोयाबीन बसकं दिसतं. काळ्या रानात तर हा चाकोरीचा पट्टा पुढच्या नांगरटीपर्यंत जात नाही.

पण कमी म्हणजे किती कमी याला हद्द आहे. हवा फारच उतरवली आणि वर नांगराचा ओढा बसला की रिम आत फिरतो आणि टायर जागेवर राहतो, ट्यूब टायरला चिकटलेली असते, त्यामुळे व्हॉल्व्ह बुडातून फाटतो. हे ओळखायची सोपी युक्ती सांगतो. रिम आणि टायर दोन्हींवरून जाईल अशी खडूची नाहीतर पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ मारा. दिवसभर नांगरल्यावर संध्याकाळी बघा. रेघ तुटून दोन तुकडे पुढं-मागं झाले असतील तर टायर रिमवर सरकतोय, एक-दोन पौंड वाढवा. मी दर उन्हाळ्यात काम सुरू करताना ही रेघ मारतोच.

गेजचं सांगायचं राहिलं. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडचा गेज ट्रकसाठी असतो, शंभरच्या वर मोजणारा, त्यावर १२ आणि १६ मधला फरक धड कळत नाही. स्वतःचा कमी दाबाचा गेज घ्या, चाकात पाणी भरणार असाल तर पाण्याला चालणारा घ्या, साधा गेज पाण्याने खराब होतो. आणि हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची, दुपारी उन्हात काम करून आलेल्या टायरमध्ये दोन-तीन पौंड जास्तच दिसणार, ते बघून हवा सोडली तर सकाळी टायर बसलेला सापडतो. डाव्या-उजव्या चाकात सारखी हवा, यात हयगय नको, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते आणि नांगर सरळ चालत नाही.

चाक किती घसरतंय ते मोजा

ही पायरी सगळे सोडतात आणि मला सगळ्यात जास्त हिचंच सांगायचंय. थोडी घसरण असायलाच हवी, मातीत चाक ओढतं म्हणजे थोडं सरकणारच. टू-व्हीलला नांगरटीत १०० तले १० ते १५ इतकं घसरणं चांगलं. मध्य प्रदेशात बुधनीला सरकारी ट्रॅक्टर चाचणी केंद्र आहे, तिथं सुद्धा गाडी जास्तीत जास्त किती ओढते हे सांगताना चाकाची घसरण १५ टक्क्यांची हद्द धरतात, आणि ही ओढ वजन लावून आणि न लावता अशी दोन्हीकडून मोजतात. तुमच्या मॉडेलचा रिपोर्ट मिळाला तर तो भाग वाचाच.

मोजायला टेप, चार खुंट्या, चुना आणि एक माणूस लागतो. वाफशावरचं, म्हणजे ओल ना जास्त ना कमी असं रान घ्या, जे नांगरायचंय तेच. मागच्या चाकाच्या कडेवर चुन्याचा ठसठशीत पट्टा मारा. आता नांगर वर उचलून, नेहमीच्याच गिअरमध्ये आणि नेहमीच्याच थ्रॉटलवर गाडी चालवा. बरोबरचा माणूस चाकापासून चार हात लांब चालेल, पट्टा खाली जमिनीला लागला की पहिली खुंटी, आणि चाकाचे दहा फेरे मोजून परत पट्टा खाली आला की दुसरी खुंटी. मधलं अंतर मोजा. माझ्या १३.६-२८ ला ते ३९ मीटर भरतं. मग नांगर टाकून, पूर्ण खोलीवर, तसेच दहा फेरे. समजा ३१ मीटर आलं. ३९ मधून ३१ गेले, राहिले ८, त्याला ३९ ने भागा आणि १०० ने गुणा, साडेवीस टक्के. म्हणजे तुम्ही जाळलेल्या डिझेलच्या पाचव्या हिश्शाएवढं चाक नुसतं माती घासतंय, टायर झिजतोय तो वेगळा. हवा बरोबर केल्यावर माझं ३३ आलं, पंधराच्या जरा वर, आणि पाणी भरल्यावर ३४ आणि थोडं, म्हणजे बारा टक्क्यांच्या आत-बाहेर. तिथं मी थांबलो.

टेप नसला तर मातीत उमटलेल्या ठशावरून पण कळतं. नांगर चालू असताना मागं वळून न नांगरलेल्या बाजूच्या चाकाचा ठसा बघा. लगचा छाप साच्यातून काढल्यासारखा लख्ख दिसत असेल तर वजन जास्त झालंय. छाप दिसतच नाही, सगळी माती चोळल्यासारखी, तर वजन कमी आहे. मधला भाग पुसट आणि दोन्ही कडांना छाप ओळखू येतोय, तर बरोबर. एकदा डोळा बसला की रोज टेप काढायची गरज राहत नाही.

एक मात्र आहे, वाफसा नसेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. ओल्या काळ्या रानात घसरतंय म्हणून वजन वाढवत गेलात तर खालचा थर असा दाबला जातो की तो मोकळा करायला पुढं सबसॉयलर घालावा लागतो. दोन दिवस थांबा.

पाणी भरणं

हवा नीट केली, तरी घसरण १५ च्या वर आहे, तर पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. १३.६-२८ मध्ये पाऊण भाग भरला तर १७०-१८० लिटर बसतं, १४.९-२८ मध्ये सव्वादोनशेच्या जवळपास, म्हणजे दोन चाकांत साडेतीनशे ते साडेचारशे किलो वजन, तेही अगदी खाली, त्यामुळे उतारावर गाडी जास्त स्थिर. थंड देशात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड टाकतात, आपल्याकडे त्याची गरज नाही, साधं पाणी भरा, फक्त गाळून भरा. ट्यूबलेस टायर असेल तर पाणी थेट रिमला लागतं आणि गंज धरतो, तिथं मी पाण्याऐवजी लोखंडच सुचवीन.

भरायची रीत अशी. गाडी फरशीवर किंवा घट्ट जमिनीवर घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, काळ्या रानात जॅक लावायची वेळ आली तर खाली जाड लाकडी फळी टाका नाहीतर जॅकच खाली जातो. ज्या चाकात भरायचंय ते उचला आणि व्हॉल्व्ह बरोबर वर, घड्याळात बारा वाजता काटा असतो तिथं आणा. हवा सोडा, पूर्ण सोडा, आणि मगच व्हॉल्व्हचा आतला भाग काढा, हवा असताना काढला तर तो गोळीसारखा उडतो, तोंड बाजूला ठेवा. ट्रॅक्टरच्या मागच्या ट्यूबला हवा-पाणी दोन्हीला चालणारा व्हॉल्व्ह असतो, त्यावर बसणारा पाणी भरायचा नोझल टायरवाल्याकडे मिळतो, त्याला आतली हवा बाहेर जायला बाजूला भोक असतं. नोझल नसेल तर साध्या पाइपने पण होतं, फक्त दर दोन-तीन मिनिटांनी पाइप काढून आतली कोंडलेली हवा सोडायची, मग परत लावायचा. गच्चीवरच्या टाकीच्या दाबाने पाणी आरामात जातं, वेळ लागतो, पण मोटर लावून घाई करू नका.

व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर यायला लागलं की थांबा, तो पाऊण भाग झाला. पूर्ण भरायचं नाही, कधीच नाही, कारण पाणी दाबलं जात नाही आणि सगळं पाणीच असलं तर टायर दगडासारखा होतो, धक्का रिमला आणि एक्सलला बसतो. आता व्हॉल्व्ह बसवा आणि वर हवा भरा, १२-१४ ला आणा. इथं जपा, आता हवेला जागा पावभरच उरली आहे, त्यामुळे कॉम्प्रेसर लावल्या लावल्या दाब भसकन वाढतो, आणि बारीक गळती असेल तर तितकाच पटकन उतरतोही. पाणी भरल्यावर पहिल्या आठवड्यात रोज सकाळी गेज लावा, व्हॉल्व्ह वर आणूनच. नंतर आठवड्यातून एकदा.

लोखंड, आणि पुढचं वजन

मागच्या रिमला बोल्टने लागणारी बिडाची गोल वजनं आणि पुढच्या बंपरवर अडकवायची वजनं, दोन्हींवर किलो ओतलेले असतात. लोखंडाचा फायदा म्हणजे नको तेव्हा काढता येतं, तोटा म्हणजे महाग आणि काढा-घालायला दोन माणसं. मागं पाणी भरूनही १५ च्या खाली येत नसेल तरच घ्या. आणि पुस्तकात एक्सलवर जास्तीत जास्त किती वजन चालतं ते दिलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही. खूप वजन लावून, चाक अजिबात घसरू न देता, पहिल्या गिअरमध्ये अवजड औत ओढत राहिलं तर सगळा ताण गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्हवर येतो. त्यापेक्षा नांगराची खोली थोडी कमी करून एक गिअर वर चालवा.

मागचं वजन वाढवलं की पुढचं बघावंच लागतं. मागची पकड जितकी वाढते तितका औताचा ओढा पुढचं तोंड जास्त उचलतो, हे दोन्ही एकत्रच जातं. नेम असा की कुठल्याही कामात ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. हे तपासायला वजनकाटा आहे, उसाच्या भागात तर दर चार-पाच गावांमागे एक. नांगर वर उचला आणि फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. माझ्या गाडीचं रिकामं वजन साधारण दोन टनांच्या आत, पुढं ७५० च्या आसपास, आणि नांगर उचलल्यावर पुढं ४९० राहिलं. ठीक होतं, पण रस्त्याच्या खड्ड्यात तोंड हलकं वाटायचं म्हणून मी पुढं चार वजनं टाकली, आणि पुढच्या चाकात दोन पौंड हवा वाढवली. पुढं वजन टाकून हवा तीच ठेवणं ही नेहमीची चूक.

नांगरटीत ड्राफ्ट कंट्रोलचा, म्हणजे ओढा वाढला-घटला की औत आपोआप वर-खाली करणारा लिव्हर वापरायला शिका. तो नीट लावला की औताचं थोडं ओझं आपोआप मागच्या चाकावर येतं, एकही किलो न लावता. बरेच जण आयुष्यभर पोझिशन कंट्रोलवरच, म्हणजे औत एकाच उंचीवर धरून नांगरतात.

कोणत्या कामाला काय

पलटी नांगर, सबसॉयलर, खोल कल्टिव्हेटर, इथं पाणी आणि वजन हवं. रोटाव्हेटरला मागं वजन नकोच, त्याची पाती फिरताना उलट ट्रॅक्टरलाच पुढं ढकलतात, चाकाला ओढायचं काम फारसं नसतंच. तिथं पाणी भरलेली गाडी म्हणजे फुकटचं साडेतीनशे किलो मऊ रानावर फिरवणं. पेरणीला तर गाडी जितकी हलकी आणि हवा जितकी कमी तितकं बरं. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे भाताच्या चिखलणीला पाणी, वजनं सगळं काढून केज व्हील (पिंजऱ्यासारखं लोखंडी चाक) लावतात ते याच कारणाने, चिखलात जड गाडी रुततेच. केज व्हील लावून डांबरी रस्त्याने जाऊ नका.

उसाची ट्रॉली हा वेगळाच विषय. भरलेली ट्रॉली चढाला तोंड उचलते, अपघात होतात, माणसं जातात. पुढं वजन हवंच, मागची हवा रस्त्याच्या आकड्यावर हवी, आणि ट्रॉलीचा हुक कायम खालच्या ड्रॉबारलाच. रुतलेली गाडी किंवा बैलगाडी काढायला साखळी वरच्या टॉप लिंकच्या (औताला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी अडकवणं म्हणजे ट्रॅक्टर मागं उलटवायची तयारी, ओढा एक्सलच्या वर लागला की पुढची चाकं उठायला दोन सेकंद पण लागत नाहीत. हे घरातल्या पोरांना, गड्यांना, जो कोणी गाडीवर बसतो त्याला स्पष्ट सांगा.

गाडी रस्त्यावर उड्या मारते, पाठ दुखते, ही तक्रार पण याच्यातलीच. पाणी भरलेला टायर धक्का कमी गिळतो, त्यामुळे नुसता ट्रॉलीचाच सीझन असेल तर मी मागचं पाणी काढून टाकतो आणि लोखंड ठेवतो. मग दोन्ही चाकांतली हवा सारखी आहे ना बघा, एक-दोन पौंड कमी-जास्त करून बघा, उडी कधी कधी तेवढ्याने जाते. सीटखाली ड्रायव्हरच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग फिरवायचा खटका असतो, तो बहुतेकांनी कधी हलवलेलाच नसतो. फोर-व्हील गाडी असेल तर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील काढून टाका, आणि पुढचे टायर बदलताना तोच साइज घ्या, पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरायची म्हणून कंपनीने जुळवलेली असतात, साइज बदलला की ते जुळणं बिघडतं.

पाणी काढायची रीत भरण्याच्या उलट. चाक उचलून व्हॉल्व्ह वर घ्या, आधी हवा पूर्ण सोडा, मग व्हॉल्व्हचा आतला भाग काढा आणि चाक फिरवून तोंड बरोबर खाली, सहा वाजता जिथं काटा असतो तिथं आणा. पाणी आपलं आपण निघतं, शेवटची बादलीभर राहते, तिला थोडी हवा मारून बाहेर काढा. खाली बादल्या लावा, उन्हाळ्यात ते पाणी आमच्याकडे दारातल्या लिंबाला जातं. मग चाक परत वर, व्हॉल्व्ह बसवून हवा १३ वर. मी मडगार्डच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने हवेचे आकडे लिहून ठेवलेत, नांगर १३, ट्रॉली १९, पुढं २८, आणि खाली पाणी भरल्याची तारीख, म्हणजे मी नसताना जो कोणी गाडीवर बसेल त्याला फोन करावा लागत नाही.